राजो, फैयाजी, दादीसा : सुरेखा सीकरींची कारकीर्द

16 जुलै 2021 रोजी मुंबईत सुरेखा सीकरी यांचं निधन झालं. त्या 76 वर्षांच्या होत्या. त्या दिवशी बहुतेक वाहिन्यांनी बातमी दिली ती ‘दादीसा गेल्या’ अशी. ‘बालिका वधू’ने त्यांना घरोघरी पोहोचवलं होतं, तेव्हा ते साहजिकच होतं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत तीन राष्ट्रीय पुरस्कारांचा उल्लेख आला, ‘बधाई हो’मधल्या आजीचा फोटो आला आणि विषय संपला.

मला मात्र या अभिनेत्रीची आठवण वेगळ्या कारणासाठी ठेवावीशी वाटते. हिंदी पडद्यावर साध्या मुसलमान घरातली वयस्क बाई जितक्या वेळा आणि जितक्या खरेपणाने सुरेखा सीकरींनी उभी केली, तितकी क्वचितच दुसऱ्या कुणी केली असेल. ‘तमस’मधली राजो, ‘सलीम लंगडे पे मत रो’मधली सलीमची आई, ‘मम्मो’मधली फैयाजी, ‘नसीम’मधली आई, ‘जुबैदा’ची आई, ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’मधली नजमा. ही यादी ओळीने वाचली की फाळणीपासून 2002पर्यंतचा भारतीय मुसलमानांचा इतिहास एका बाईच्या चेहऱ्यावरून सरकत जातो. आणि हा चेहरा एका गैरमुस्लीम अभिनेत्रीचा आहे.

अलीगढ आणि एक पुणेकर

सुरेखा सीकरींचा जन्म 19 एप्रिल 1945चा. बालपण कुमाऊँच्या डोंगरात, अल्मोडा आणि नैनीतालमध्ये गेलं. पुढचं शिक्षण अलीगढ मुस्लीम विद्यापीठात झालं. अलीगढ म्हटलं की आपल्याला सर सय्यद आठवतात. पण त्याच गावात शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी 1906मध्ये मुलींची शाळा काढली होती. रशीद जहाँ याच दांपत्याची मुलगी, आणि इस्मत चुगताईंचं शिक्षणही अलीगढचंच. शिकलेल्या, बोलक्या, वाद घालणाऱ्या मुसलमान मुलींची परंपरा तिथे सुरेखाबाईंच्या आधी दोन पिढ्या रुजली होती. पुढे पडद्यावर त्यांच्या तोंडून जी उर्दू ऐकू आली, ती शिकवणी लावून घोटलेली वाटत नाही. ‘ख’ आणि ‘ग’चा नुक्ता त्या विनासायास उच्चारायच्या, पण प्रत्येक वाक्याला ‘आदाब’ची झालर लावायच्या नाहीत. कानावर रोज पडलेली जुबान अशीच बोलली जाते.

अलीगढहून त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, म्हणजे एनएसडीत गेल्या आणि 1971मध्ये तिथून बाहेर पडल्या. त्या काळात एनएसडीचे संचालक होते इब्राहिम अल्काझी. हे नाव आपण मराठी मुसलमानांनी खास लक्षात ठेवायला हवं. 1925 साली पुण्यात एका अरब व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेला, तिथल्याच सेंट व्हिन्सेंट शाळेत शिकलेला हा माणूस. मुंबईत इंग्रजी रंगभूमी गाजवून तो 1962मध्ये दिल्लीला गेला आणि पंधरा वर्षं त्याने ते विद्यालय चालवलं. तालमीला वेळेवर येणं, रंगमंच स्वतः झाडणं, प्रकाशयोजनेपासून वेशभूषेपर्यंत सगळी कामं हाताने करणं, ही अल्काझींची शिस्त. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, मनोहर सिंह, उत्तरा बावकर, रोहिणी हट्टंगडी हे सगळे त्याच तालमीतून गेले.

विद्यालयाच्या जोडीला एक व्यावसायिक नाट्यमंडळी होती, ‘रेपर्टरी कंपनी’. तिथे नटांना दरमहा पगार मिळे आणि वर्षभर वेगवेगळ्या नाटकांचे प्रयोग चालत. सुरेखा सीकरी तिथे दहा वर्षांहून अधिक काळ होत्या. आज चेखव, उद्या शेक्सपिअर, परवा एखाद्या मराठी किंवा कन्नड नाटकाचा हिंदी अनुवाद. या सवयीने नट एका ठशात अडकत नाही. तिशीतल्या बाईने सत्तरीची म्हातारी करायची तर मेकअपवर भागत नाही, चालण्याची आणि श्वास घेण्याची पद्धत बदलावी लागते. पुढच्या आयुष्यात सुरेखाबाईंच्या वाट्याला बहुतेक आया आणि आज्याच आल्या. त्यातली एकही दुसरीसारखी दिसत नाही, याचं मूळ रेपर्टरीच्या त्या वर्षांत आहे. हिंदी रंगभूमीवरच्या या कामासाठी 1989मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

भिवंडीतून निघालेली राजो

सिनेमात त्या ‘किस्सा कुर्सी का’मधून आल्या. आणीबाणीत या सिनेमाच्या मूळ प्रती नष्ट केल्या गेल्या. तो पुन्हा बनवावा लागला आणि 1978मध्ये पडद्यावर आला. पण देशाने सुरेखा सीकरींना पहिल्यांदा नीट पाहिलं ते जानेवारी 1988मध्ये, दूरदर्शनवर, ‘तमस’मध्ये.

‘तमस’ची कथा फाळणीच्या तोंडावरच्या पंजाबातली, लेखक भीष्म साहनी रावळपिंडीचे. पण ही कादंबरी लिहायला ते बसले त्यामागे आपलं भिवंडी आहे. मे 1970मध्ये भिवंडीत दंगल झाली. त्यानंतर भीष्म साहनी थोरले बंधू बलराज यांच्यासोबत तिथे गेले होते. जळालेली घरं आणि बंद पडलेले माग पाहून त्यांना 1947ची रावळपिंडी आठवली, असं त्यांनी स्वतः नोंदवून ठेवलं आहे. ‘तमस’ला 1975चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे गोविंद निहलानींनी त्यावर मालिका केली.

मालिका सुरू होताच वाद पेटला. जातीय तेढ वाढेल, असं म्हणत मुंबईतल्याच एका रहिवाशाने उच्च न्यायालयात धाव घेतली आणि प्रक्षेपणाला तात्पुरती स्थगिती मिळाली. न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांच्या खंडपीठाने आख्खी मालिका बसून पाहिली आणि स्थगिती उठवली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही प्रक्षेपणाच्या बाजूने कौल दिला. भडकवणारे कसे काम करतात हे दाखवणं म्हणजे भडकवणं नव्हे, हा त्या निकालांचा मथितार्थ.

ज्यांना ‘तमस’मध्ये फक्त दंगल दिसली, त्यांनी राजोचा भाग पाहिला नसावा. गाव सोडून पळालेलं हरनाम सिंग आणि बंतो हे म्हातारं शीख जोडपं एका अनोळखी गावात एका दाराची कडी वाजवतं. दार उघडते राजो. घर मुसलमानाचं. पुरुषमंडळी लुटीला गेलेली. सून म्हणते, यांना घेऊ नका. राजो घेते. त्यांना ताक पाजते, लपवते. थोड्या वेळाने नवरा लुटीचा माल घेऊन येतो, त्यात एक ट्रंक असते. ती नेमकी या जोडप्याच्याच घरातली. रात्री राजो त्यांना गावाबाहेर सोडायला जाते आणि ट्रंकेतले त्यांचे दागिने त्यांच्या हाती ठेवते.

सुरेखा सीकरींनी या राजोला फरिश्ता बनवलं नाही. तिला नवऱ्याची भीती आहे, मुलाची भीती आहे, गाव काय म्हणेल याची भीती आहे. बोलण्यात गोडवा नाही, उलट जरा त्रागाच आहे. तरी दारात आलेल्या माणसाला घालवून देणं तिला जमत नाही. आपल्या मोहल्ल्यांत अशा नानी आणि फुफी आपण पाहिलेल्या आहेत. तोंडाने करवादणाऱ्या, पण वेळेला ताट वाढणाऱ्या. या भूमिकेसाठी त्यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सहायक अभिनेत्रीचा. हरनाम सिंगचं काम खुद्द भीष्म साहनींनी केलं होतं आणि बंतो होत्या दीना पाठक. हा तपशील ध्यानात ठेवा. पुढे त्याची गरज लागेल.

पानदान आणि शेरवानीच्या पलीकडे

राजोचं महत्त्व कळायला त्याआधीचा सिनेमा आठवावा लागतो. ‘चौदहवीं का चाँद’, ‘मेरे महबूब’, ‘पाकीजा’, ‘उमराव जान’. सिनेमे देखणे, गाणी अजरामर. पण त्यातले मुसलमान एकतर नवाब, शायर किंवा तवायफ. रेशनच्या रांगेत उभा राहणारा, मुलाच्या फीची काळजी करणारा मुसलमान त्यात कुठे सापडत नाही. ‘गर्म हवा’ने ही चौकट मोडली. आग्र्यातलं जोडे बनवणारं कुटुंब, हवेली सोडायला तयार नसलेली म्हातारी आजी. पण ‘गर्म हवा’ ही एक सुरुवात होती आणि तशी घरं पुन्हा दिसायला बरीच वर्षं गेली.

ती दिसली तेव्हा त्यातल्या बऱ्याच घरांत सुरेखा सीकरी होत्या. सईद मिर्झांच्या ‘सलीम लंगडे पे मत रो’मध्ये (1989) मध्य मुंबईतल्या मुसलमान वस्तीतलं एक बिऱ्हाड आहे. गिरणीतली नोकरी गेलेला बाप झाला आहे विक्रम गोखले, वाया चाललेला मुलगा पवन मल्होत्रा आणि दोघांच्या मध्ये पिचणारी आई सुरेखा सीकरी. गिरणी संपाने मराठी घरांचं काय केलं यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. त्याच संपाने मुसलमान कामगारांच्या घरांचं काय केलं, हे दाखवणारा असा सिनेमा दुसरा आठवत नाही. सहा वर्षांनी मिर्झांच्याच ‘नसीम’मध्ये त्या पुन्हा मुंबईतल्याच एका घरात आई म्हणून आल्या. काळ जून ते डिसेंबर 1992. घरात आजारी आजोबा आहेत, ते काम कैफी आझमींनी केलं. 6 डिसेंबरला आजोबा जातात. ज्यांनी ते दिवस मुंबईत काढले, त्यांना त्या घरातली कुजबुज वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

फैयाजीचं घर

या सगळ्यात माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं काम आहे ‘मम्मो’चं. 1994चा हा सिनेमा श्याम बेनेगलांचा, कथा पत्रकार खालिद मोहम्मद यांच्या घरातली. मुंबईत फैयाजी आपल्या नातवाला, रियाजला वाढवते आहे. एक दिवस पाकिस्तानातून तिची बहीण येते, महमूदा बेगम ऊर्फ मम्मो. लग्न होऊन लाहोरला गेलेली, फाळणीने पलीकडची ठरलेली, नवरा गेल्यावर सासरच्यांनी घराबाहेर काढलेली. व्हिसा थोड्या दिवसांचा. मुदत वाढवत वाढवत ती राहते. शेवटी पोलीस येतात आणि तिला पाकिस्तानकडे जाणाऱ्या गाडीत बसवतात.

मम्मोचं काम फरीदा जलाल यांनी इतकं सुंदर केलंय की प्रेक्षकाची नजर तिच्यावरून हलत नाही. बडबडी, हळवी, नमाजी, भांडकुदळ मम्मो. पण तिच्यासमोर फैयाजी उभी नसती तर मम्मोची गोष्ट निव्वळ रडवणारी झाली असती. फैयाजी कमी बोलते. बहिणीवर जीव आहे, पण पाहुणी कायमची राहिली तर खर्च कसा भागणार, पोलीस दारात आले तर शेजारी काय म्हणतील, नातवावर काय परिणाम होईल, हे हिशेब तिच्या डोक्यात चालू असतात. सुरेखाबाई हे हिशेब संवादांतून मांडत नाहीत. भांडं ठेवण्याच्या आवाजातून आणि न दिलेल्या उत्तरातून ते आपल्याला कळतात. या भूमिकेला दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

शेवटी बऱ्याच वर्षांनी मम्मो पुन्हा मुंबईत येते. या वेळी घरचे तिच्या मृत्यूचा दाखला काढतात. कागदोपत्री मेलेल्या बाईला कुणी देशाबाहेर काढू शकत नाही! कागद हरवले तर नागरिकत्वाचं काय, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत आपल्या घराघरांत चर्चिला गेला. ‘मम्मो’ने तो पंचवीस वर्षं आधी विचारला होता.

खालिद मोहम्मद आणि बेनेगल यांचे पुढचे दोन सिनेमे म्हणजे ‘सरदारी बेगम’ (1996) आणि ‘जुबैदा’ (2001). तिन्हींत सुरेखा सीकरी आहेत. ‘जुबैदा’त तर त्या पुन्हा फैयाजीच आहेत, फक्त काळ मागचा. मुलगी जुबैदा राजघराण्यात लग्न करून निघून जाते आणि आपला लहानगा रियाज आईजवळ ठेवते. ‘मम्मो’मधली आजी नातवाला एकटीने का वाढवते आहे, याचं उत्तर इथे मिळतं. तरुण वयात नवऱ्याच्या शब्दापुढे मान तुकवलेली फैयाजी म्हातारपणी एवढी कडक का झाली, तेही उमगतं. एकच व्यक्तिरेखा सात वर्षांच्या अंतराने उलट्या क्रमाने करणं सोपं काम नव्हे.

आणि मग 2002. अपर्णा सेन यांचा ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’. डोंगराळ रस्त्यावर अडकलेली बस, त्यात एक म्हातारं मुसलमान जोडपं, इक्बाल आणि नजमा. जमाव बसमध्ये शिरतो. स्वतःचा जीव वाचवायला एक प्रवासी या दोघांकडे बोट दाखवतो. आधी इक्बालला उतरवतात, पाठोपाठ नजमालाही. दोघं परत येत नाहीत. नजमा आहेत सुरेखा सीकरी. आणि इक्बाल आहेत भीष्म साहनी!

चौदा वर्षांपूर्वी हरनाम सिंग झालेल्या ज्या माणसाला राजोने दार उघडून वाचवलं होतं, तोच माणूस आता तिचा नवरा आहे आणि त्यांच्यासाठी दार उघडणारं कुणी नाही. हा योगायोग असेलही. पण गुजरातच्या दंगलीनंतर काही महिन्यांतच आलेल्या या सिनेमात ही दोन माणसं शेजारी बसलेली दिसणं, हा भारतीय सिनेमाच्या इतिहासातला मोठा क्षण आहे.

मालिकांची रोजी

एवढं काम, एवढा मान, पण घर चालवण्याचं काय? समांतर सिनेमात पैसा कधीच नव्हता आणि वर्षाला एखादी भूमिका मिळायची. नव्वदच्या दशकात खासगी वाहिन्या आल्या आणि रंगभूमीवरचे अनेक उत्तम नट मालिकांकडे वळले. सुरेखाबाईही ‘बनेगी अपनी बात’, ‘जस्ट मोहब्बत’, ‘सात फेरे’ अशा मालिकांत दिसू लागल्या. मालिकेचं काम अंगमेहनतीचं असतं. दहा-बारा तासांची पाळी, संवादाचे कागद ऐनवेळी हातात, आणि मेहनताना बहुधा तीन महिन्यांनी. अल्काझींच्या तालमीत महिना-महिना एका नाटकावर घालवलेल्या अभिनेत्रीला हे कसं मानवलं असेल, असं आपल्याला वाटतं. पण त्यांनी या कामाला कधी कमी लेखलं नाही.

21 जुलै 2008 रोजी कलर्स वाहिनी सुरू झाली आणि त्याच दिवशी ‘बालिका वधू’. राजस्थानातलं घर, आठ वर्षांची नवरी आनंदी आणि घराच्या किल्ल्या कमरेला असलेली कल्याणी देवी, म्हणजे दादीसा. बालविवाह प्रतिबंधाचा नवा कायदा नुकताच लागू झाला होता. मालिका बालविवाहाला विरोध करते की त्याचं कौतुक करते, यावर 2009मध्ये लोकसभेतही आवाज उठला. पण प्रेक्षक दादीसाला चिकटून राहिला. मालिका 2016पर्यंत चालली आणि दोन हजारांहून अधिक भाग झाले. 2008मध्ये याच भूमिकेसाठी त्यांना नकारात्मक भूमिकेचा टेली पुरस्कार मिळाला आणि 2011मध्ये सहायक अभिनेत्रीचा. खलनायिका म्हणून सुरू झालेली बाई तीन वर्षांत प्रेक्षकांच्या घरची झाली, हे या दोन पुरस्कारांवरून दिसतं.

कारण दादीसा स्वतःच कधीकाळी बालवधू होती. जे आपण भोगलं तेच सुनांनी भोगावं, ही तिची रीत. बाईच बाईवर पहारा ठेवते तेव्हा त्यामागे किती जुनी जखम असते, हे त्यांनी रोज रात्री आठ वाजता देशाला दाखवलं. मुसलमान घरांतही ही मालिका तितक्याच आवडीने पाहिली गेली, कारण अशी दादी तिथेही होती.

राजो, फैयाजी आणि दादीसा शेजारी ठेवून पाहिल्या की सुरेखा सीकरींच्या कारकिर्दीतलं सूत्र हाती लागतं. तिघीही घराच्या दाराशी उभ्या असलेल्या बायका आहेत. आत कोण येणार, कोण राहणार, कोणाला जावं लागणार, हे त्यांना ठरवावं लागतं. घर त्यांच्या नावावर नाही, कायदा त्यांच्या हातात नाही. तरी दारावर हात त्यांचा आहे. राजो दार उघडते. फैयाजी कचरत उघडते आणि शेवटी पुन्हा कधीच बंद करत नाही. दादीसा कित्येक वर्षं ते लावून धरते आणि हळूहळू सैल सोडते. 2018च्या ‘बधाई हो’मध्ये उतारवयात गरोदर राहिलेल्या सुनेला आधी टोमणे मारणारी सासू भर लग्नघरात तिच्या बाजूने उभी राहते, तेही हेच. या भूमिकेने तिसरा राष्ट्रीय पुरस्कार दिला. तो घ्यायला त्या डिसेंबर 2019मध्ये चाकाच्या खुर्चीत बसून आल्या, तेव्हा सभागृह उभं राहिलं होतं.

काम मागणारी कलावंत

2018मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, 2020मध्ये पुन्हा. मधल्या काळात झोया अख्तर यांच्या ‘घोस्ट स्टोरीज’मध्ये त्या अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या भूमिकेत दिसल्या. टाळेबंदीत महाराष्ट्र सरकारने चित्रीकरणाला परवानगी दिली, पण 65 वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर मनाई केली. हेतू काळजीचा होता, पण म्हाताऱ्या नटांची रोजी त्याने बंद झाली. सुरेखाबाईंनी या अटीवर जाहीर नाराजी व्यक्त केली. मदतीचे फोन आले तेव्हा त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मला खैरात नको, इज्जतीचं काम द्या. ऑगस्ट 2020मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. पण तब्येतीने त्यांना पुढे फारशी साथ दिली नाही.

पन्नास वर्षं काम केलेल्या, तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या अभिनेत्रीला 75व्या वर्षी काम मागावं लागतं, ही आपल्या मनोरंजनाच्या धंद्याची लाज आहे. रेपर्टरीत निदान महिन्याला पगार होता. मालिकांत कोट्यवधींची उलाढाल होते, पण नटासाठी ना पेन्शन ना विमा.

दुसरी गोष्ट आपल्याशी जास्त जवळची. आज रोज रात्री दिसणाऱ्या हिंदी आणि मराठी मालिकांत साधं मुसलमान घर शोधून पाहा. सणाच्या एका भागात शेजारचे चाचा येतात, शीरखुर्मा देतात आणि जातात. किंवा मग दहशतवादाची गोष्ट असेल तर घर दिसतं. बिऱ्हाडाचं भाडं, मुलाची फी, बहिणीचा व्हिसा, सुनेचं बाळंतपण असल्या चिंता असलेली मुसलमान आई आता पडद्यावर जवळपास उरलेली नाही. ज्या मोजक्या काळात ती होती, त्या काळात तिचा आवाज आणि तिचा चेहरा बऱ्याचदा सुरेखा सीकरींचा होता.

‘तमस’ आणि ‘मम्मो’ घरातल्या तरुण मुलांना जरूर दाखवा. दादीसा त्यांना माहीत आहेच. राजो आणि फैयाजी माहीत नसतील, तर त्यांची ओळख करून देणं हे आपलं काम आहे.